लेखनशाळा : दुसऱ्याचें वचन आपल्या निबंधांत

परीक्षेचे दिवस जवळ आले, कीं आमच्याकडे शेजारपाजारच्या मुलांच्या वह्या येऊं लागतात. आमचें बेसा हें एके काळचें लहानसें खेडें; आतां नागपूर शहर पसरत पसरत येथवर येऊन पोहोंचलें आहे, आणि जेथें शेतें होतीं तेथें उंच इमारतींतून कितीतरी कुटुंबें राहूं लागलीं आहेत. त्यांतील दहावीच्या मुलांपासून पदव्युत्तर वर्गांत प्रबंध लिहिणाऱ्या तरुणांपर्यंत नाना प्रकारचें लेखन आमच्या नजरेखालून जातें. विषय निरनिराळे, वय निराळें, बुद्धिही कमीअधिक. परंतु एका बाबतींत बहुतेकांची अडचण एकच दिसते. दुसऱ्याचें वचन आपल्या लेखनांत कसें आणावें, तें आपल्या वाक्यास कसें जोडावें, आणि तें कोणाचें व कोठून घेतलें हें कसें सांगावें, याची रीत त्यांस कोणीं नीट समजावून दिलेलीच नसते. म्हणून या महिन्यांत त्याच विषयाचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

या वह्यांत दोन प्रकारचे दोष आढळतात. पहिला प्रकार असा : विद्यार्थी आरंभास एक सुभाषित, मध्यें एका थोर पुरुषाचें वाक्य आणि शेवटीं एखाद्या कवितेचें कडवें अशीं तीन अवतरणें आधींच पाठ करून ठेवितो, आणि विषय कोणताही येवो, तीं त्यांत बसवितो. 'पाणी वांचवा' या विषयास जें सुभाषित, तेंच 'माझे आवडते शिक्षक' या विषयासही. मागच्यापुढच्या वाक्यांशीं त्याचा संबंध नसतो; तपासणाऱ्यानें तें खोडून काढलें, तरी निबंधांत कांहीं उणें पडत नाहीं. दुसरा प्रकार याच्या उलट. येथें विद्यार्थी एखाद्या पुस्तकांतील किंवा मोबाईलवर सांपडलेल्या मजकुरांतील चार वाक्यें जशींच्या तशीं उतरून घेतो. पण त्यांस अवतरणचिन्ह नाहीं, कर्त्याचें नांव नाहीं, कांहीं नाहीं. मुलाच्या साध्या भाषेंत एकाएकीं प्रौढ वाक्यें येऊं लागलीं, कीं जाणत्या वाचकास तें तत्काळ कळतें. पहिला विद्यार्थी दुसऱ्याचें वचन दागिन्यासारखें मिरवितो, दुसरा तें लपवितो. तें कशाकरितां आणावयाचें असतें, हें मात्र दोघांसही ठाऊक नसतें.

आमच्या मतें अवतरण हें निबंधांतील साक्षीदाराप्रमाणें असतें. न्यायालयांत साक्षीदारास उभें करितात, तेव्हां प्रथम तो कोण याची ओळख पटवितात. मग त्याच्याच तोंडून, त्याच्याच शब्दांत जें सांगावयाचें तें सांगवितात. आणि त्यानंतर वकील त्या साक्षीवरून काय निष्पन्न होतें तें न्यायाधीशापुढें मांडतो. ओळख, साक्ष आणि निष्कर्ष अशीं हीं तीन अंगें आहेत. साक्षीदार कितीही थोर असला, तरी खटल्याशीं ज्याचा संबंध नाहीं त्यास कोणी बोलावीत नाहीं. आणि वकिलानें त्याची साक्ष आपलें स्वतःचें ज्ञान म्हणून सांगितली, तर तें कोणी चालवून घेत नाहीं.

कित्येकांची अशी समजूत असते, कीं आधार दाखविण्याची ही शिस्त इंग्रजी विद्येबरोबर आपल्याकडे आली. ही समजूत बरोबर नाहीं. संस्कृतांत दुसऱ्याचें बोलणें जेथें संपतें तेथें 'इति' हा शब्द ठेवण्याची रीत फार जुनी आहे; लेखनांत अवतरणचिन्हें नव्हतीं त्या काळीं तीं जें काम आज करितात, तें या दोन अक्षरांनीं केलें. कौटिलीय अर्थशास्त्र पाहावें. हा ग्रंथ म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं येऊन १९०९ सालीं छापून प्रसिद्ध झाला. त्यांत राजाच्या मंत्रिपरिषदेंत किती अमात्य असावेत असा प्रश्न निघतो, तेव्हां कौटिल्य प्रथम मनूच्या अनुयायांचें मत सांगतो, कीं बारा. मग बृहस्पतीच्या अनुयायांचें, कीं सोळा. मग उशनसाच्या अनुयायांचें, कीं वीस. आणि सरतेशेवटीं स्वतःचें नांव घेऊन सांगतो, कीं सामर्थ्याप्रमाणें जितके असूं शकतील तितके. चार मतें, चारांचीं नांवें, आणि ग्रंथकाराचें स्वतःचें मत कोठें सुरू होतें याविषयीं यत्किंचितही संदेह नाहीं. कालिदासाचा टीकाकार मल्लिनाथ यानें तर रघुवंशावरील आपल्या संजीवनी टीकेच्या आरंभींच प्रतिज्ञा केली आहे, कीं आपण निराधार असें कांहीं लिहिणार नाहीं, व अनावश्यक असें कांहीं सांगणार नाहीं. वर सांगितलेले दोन्ही दोष या एका प्रतिज्ञेनें दूर होतात. निराधार लिहावयाचें नाहीं, म्हणून कर्ता लपवितां येत नाहीं. अनावश्यक सांगावयाचें नाहीं, म्हणून सुभाषित मिरवितां येत नाहीं.

मराठींतला दाखला तर आमच्या विदर्भांतलाच आहे. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपूर येथें तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणांत म्हाइंभटांनीं 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. श्रीचक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या सहवासांत राहिलेल्या स्त्रीपुरुषांच्या आठवणी म्हाइंभटांनीं नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखालीं गोळा केल्या; ज्यानें जें पाहिलें वा ऐकिलें, त्यास गांठून विचारलें. पुढें केसोबास या पंडितानें स्वामींचीं वचनें निवडून 'दृष्टांतपाठ' रचिला. त्याची मांडणी आमच्या विद्यार्थ्यांनीं मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आधीं सूत्र, म्हणजे स्वामींचें वचन. मग दृष्टांत, म्हणजे स्वामींनींच सांगितलेली लहानशी कथा. आणि शेवटीं दार्ष्टांतिक, म्हणजे त्या कथेचा सूत्राशीं संबंध काय तें उलगडून दाखविणारें केसोबासांचें स्वतःचें विवेचन. गुरूचे शब्द कोणते आणि आपले कोणते, ही सीमारेषा सातशें वर्षांपूर्वींच्या या मराठी ग्रंथकारानें पुसूं दिली नाहीं. नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरु डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र १९७८ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याच ऋद्धपुरास आतां मराठी भाषा विद्यापीठ निघालें आहे. तेव्हां ही रीत शिकण्यास आपणांस फार दूर जावें लागतें असें नाहीं.

आतां ही त्रिविध रीत शाळेंतल्या निबंधास लावून पाहूं. समजा, 'आमचें गांव : काल आणि आज' हा विषय आहे, आणि विद्यार्थ्यानें गांवांतील एका वृद्ध शेतकऱ्यास जुन्या दिवसांविषयीं विचारलें. ते म्हणाले, "आमच्या लहानपनी हे सारं वावरच होतं. बंडीनं नागपूरले गेलं तं येवाले रात होये." पुष्कळ विद्यार्थी हें बोलणें निबंधांत असें टाकतील : 'बेसा पूर्वीं लहान गांव होतें. "आमच्या लहानपनी हे सारं वावरच होतं. बंडीनं नागपूरले गेलं तं येवाले रात होये." आज येथें मोठमोठ्या इमारती आहेत.' येथें मधलें बोलणें कोणाचें, हें वाचकास कळत नाहीं. तें कशासाठीं आलें, हेंही कळत नाहीं. मागचें वाक्य पुढच्या वाक्याकडे जात असतां मध्येंच कोणी अनोळखी माणूस बोलून गेला, असें वाटतें.

तेंच असें लिहावें : 'आज बेसा व नागपूर यांमध्यें अंतर असें राहिलेलेंच नाहीं. परंतु या गांवांत सारा जन्म काढलेले एक वृद्ध शेतकरी सांगतात, "आमच्या लहानपनी हे सारं वावरच होतं. बंडीनं नागपूरले गेलं तं येवाले रात होये." त्यांच्या या दोन वाक्यांवरून तेव्हांचे दोन विशेष कळतात : गांवाचा निर्वाह शेतीवर होता, आणि शहर गांठणें हें दिवसभराचें काम होतें.' पहिल्या वाक्यानें वचनासाठीं जागा तयार केली. दुसऱ्यांत बोलणारा कोण, व त्याचें बोलणें आपण कां ऐकावें हें कळलें. आणि वचन संपल्यावर विद्यार्थ्यानें त्यांतून काय घ्यावयाचें तें स्वतः सांगितलें. हें शेवटचें अंगच बहुधा गळतें. वचन दिलें कीं आपलें काम झालें, असें मुलांस वाटतें. वास्तविक त्यांचें काम तेथून सुरू होतें.

येथें आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. त्या शेतकऱ्याचें बोलणें 'शुद्ध' करून लिहूं नये. 'नागपूरले' याच्या जागीं 'नागपूरला' लिहून वर अवतरणचिन्हें दिलीं, तर जें ते बोललेच नाहींत तें त्यांच्या तोंडीं घातलें असें होतें. प्रमाण भाषेंतच लिहावयाचें असेल, तर चिन्हें काढून आपल्या शब्दांत सारांश द्यावा. त्यास कोणाची हरकत नाहीं. सबंध वचन नको असेल, तर त्यांतला नेमका तुकडा आपल्या वाक्यांत गोंवावा : 'ज्या जागेचें वर्णन गांवांतील वृद्ध "सारं वावरच" असें करितात, तेथें आज दुकानांची रांग लागली आहे.' मात्र असा तुकडा गोंवितांना आपल्या वाक्याचें लिंग, वचन, विभक्ति त्याच्याशीं जुळली पाहिजे. मोठ्यानें वाचून पाहिलें म्हणजे ठेंच कोठें लागते तें कानास लगेच समजतें.

वचन वाक्यास जोडण्याचे मराठींत मुख्य मार्ग दोन. एक 'असें' या शब्दाचा : आधीं वचन, मग 'असें', मग बोलणारा व क्रियापद. दुसरा 'कीं' या शब्दाचा : आधीं बोलणारा व क्रियापद, मग 'कीं', मग वचन. वचन लहान असेल तर पहिला मार्ग मराठीच्या वळणास अधिक शोभतो. वचन लांबलचक असेल तर दुसरा सोयीचा, कारण बोलणारा कोण हें कळण्यासाठीं वाचकास वाक्याच्या अखेरीपर्यंत ताटकळावें लागत नाहीं. अवतरणचिन्हें दिलीं असतील तर 'कीं' गाळून नुसता स्वल्पविरामही पुरतो. परंतु 'ते म्हणतात कीं' असा आरंभ करून वचनाच्या शेवटीं पुन्हां 'असें ते म्हणतात' अशी दुहेरी गांठ मारूं नये. ही चूक आमच्या पाहण्यांत इतकी येते, कीं मुलें ती चूक न मानतां रीतच मानूं लागलीं आहेत.

याच संबंधांत मराठीची एक खुबी सांगितली पाहिजे. इंग्रजींत दुसऱ्याचें बोलणें अप्रत्यक्ष रीतीनें सांगतांना 'मी' चा 'तो' करावा लागतो. मराठींत तसा निर्बंध नाहीं. 'गोविंद म्हणाला, कीं मी उद्यां येतों' हें वाक्य अगदीं स्वाभाविक आहे, आणि त्यांतला 'मी' म्हणजे गोविंद हें कोणासही कळतें. त्यामुळें नुसत्या वाक्यरचनेवरून गोविंदाचे शब्द हेच होते, कीं त्याच्या बोलण्याचा हा आशय आहे, हें ठरत नाहीं. अवतरणचिन्हें घातलीं, तरच 'हे शब्द त्याचेच' अशी ग्वाही मिळते. म्हणून मराठी लेखकावर या चिन्हांची जबाबदारी अधिक आहे. आपल्या जुन्या पोथ्यांत दंडाखेरीज विरामचिन्हें जवळजवळ नव्हतीं. एकोणिसाव्या शतकांत मेजर थॉमस कँडी यांनीं 'विरामचिन्हांची परिभाषा' हें पुस्तक १८५० सालीं लिहून मराठी वाचकांस त्यांची ओळख करून दिली. बोलणाऱ्याचे प्रत्यक्ष शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत, आणि एखादा विशेष शब्द वा ग्रंथाचें नांव एकेरी चिन्हांत, ही शाळेंत शिकविली जाणारी वाट बिनचूक आहे.

चिन्हांच्या बाबतींत हलगर्जीपणा झाला म्हणजे काय होतें, याचें एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. तुझें मत मला मान्य नसलें, तरी तें मांडण्याचा तुझा हक्क राखण्यासाठीं मी प्राण वेंचीन, अशा आशयाचें एक वाक्य फ्रेंच तत्त्ववेत्ता व्हॉल्तेअर याच्या नांवावर सर्वत्र सांगितलें जातें. आपल्याकडील वक्तृत्वस्पर्धांतही तें हटकून ऐकूं येतें. व्हॉल्तेअर १७७८ सालीं वारला. तें वाक्य लिहिलें इव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेनें, १९०६ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्हॉल्तेअरच्या मित्रमंडळीविषयींच्या आपल्या पुस्तकांत. व्हॉल्तेअरची वृत्ति कशी होती, हें तिनें आपल्या शब्दांत सांगितलें; परंतु तें अवतरणचिन्हांत घातलें. वाचकांनीं तें त्याचेंच वचन मानलें, आणि पुढें खुद्द लेखिकेनें तें आपलें असल्याचें सांगितलें तरी तें त्याच्या नांवावरून आजतागायत सुटलेलें नाहीं. दोन लहानशा चिन्हांनीं, सव्वाशें वर्षांपूर्वीं वारलेल्या माणसाच्या तोंडीं एक नवें वाक्य घातलें.

यानंतरचा मुद्दा क्रियापदांचा. आमचे विद्यार्थी सर्वांसाठीं एकच 'म्हणतात' वापरतात, किंवा मग भारदस्तपणा यावा म्हणून 'सिद्ध करितात' लिहून मोकळे होतात. म्हणणें, सांगणें, सुचविणें, बजावणें, कबूल करणें, आक्षेप घेणें, प्रतिपादणें, अनुमान करणें, सिद्ध करणें, या प्रत्येकाचें वजन वेगळें आहे. आमच्या जवळच्या रामटेकाचेंच उदाहरण घ्या. मेघदूतांतील यक्ष ज्या रामगिरीवर राहिला, तो रामगिरि म्हणजे रामटेक, असें नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं प्रतिपादिलें. त्यास पुष्कळ आधारही आहे. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ऋद्धपूर येथील ताम्रपटांत रामगिरिस्वामीचा उल्लेख येतो. परंतु मल्लिनाथ रामगिरि म्हणजे चित्रकूट असें सांगतो, आणि दुसरे कांहीं विद्वान छत्तीसगढांतील सरगुजा भागांतल्या रामगढ टेंकडीकडे बोट दाखवितात. आतां नागपूरच्या विद्यार्थ्यानें 'मेघदूत रामटेकास लिहिलें गेलें' असें बेधडक लिहिलें, तर त्यानें मिराशींचें मतही सांगितलें नाहीं आणि इतरांवरही अन्याय केला. 'मिराशी असें प्रतिपादितात. मल्लिनाथाचें म्हणणें निराळें आहे. ताम्रपटांतील उल्लेख पाहतां आम्हांस पहिलें मत अधिक ग्राह्य वाटतें' असें लिहिलें, कीं तोच अभिमान सप्रमाण होतो. आपल्या गांवाविषयींचें प्रेम लेखनांत असावें. पण मत कोणाचें आणि सिद्ध गोष्ट कोणती, हें त्या प्रेमानें झांकलें जाऊं नये.

वचन लांब असेल तर त्यांतला कांहीं भाग गाळण्याची मुभा आहे. गाळल्या जागीं तीन टिंबें द्यावींत. अर्थबोधासाठीं आपण एखादा शब्द घातला, तर तो चौकटी कंसांत द्यावा. 'तो' म्हणजे कोण हें वचनावरून कळत नसेल, तर तें नांव अशा कंसांत सांगतां येतें. शिलालेख व ताम्रपट छापणारे पंडित हीच काळजी घेतात. मिराशींनीं संपादिलेला वाकाटकांच्या लेखांचा संग्रह १९६३ सालीं निघाला. अशा ग्रंथांत झिजलेलीं किंवा दुरुस्त केलेलीं अक्षरें कंसांत दाखविलेलीं असतात, म्हणजे दगडावर वा तांब्यावर प्रत्यक्ष काय आहे आणि संपादकानें काय भरलें आहे, हें वाचकास वेगळें पाहतां येतें. मात्र गाळण्यानें अर्थ फिरतां कामा नये. 'ही योजना चांगली आहे, परंतु अमलांत येणें अशक्य आहे' या वाक्याचा पूर्वार्ध तेवढा घेऊन 'योजना चांगली आहे असें ते म्हणतात' असें लिहिणें ही लबाडी होय. मग त्यांत प्रत्येक शब्द बरोबर असला तरी.

अवतरण किती द्यावें ? दोन-तीन ओळींपेक्षां मोठें वचन वेगळ्या परिच्छेदांत, थोडें आंत सरकवून द्यावें. काव्य असेल तर त्याच्या ओळी ओळींप्रमाणेंच ठेवाव्यात. परंतु शाळेच्या निबंधांत असें मोठें वचन एकाहून अधिक क्वचितच लागतें. जेथें मूळ शब्दांतच कांहीं विशेष आहे, किंवा ज्या शब्दांवर आपण वाद घालणार आहों, तेथेंच ते शब्द द्यावेत. जी माहिती कोणत्याही शब्दांत सांगितली तरी तीच राहते, ती आपल्या शब्दांत सांगून तिचा आधार तेवढा नमूद करावा. येथें पुष्कळांचा घोंटाळा होतो : आपल्या शब्दांत सांगितलें म्हणजे नांव सांगण्याची गरज नाहीं, असें ते समजतात. शब्द आपले झाले तरी विचार दुसऱ्याचाच राहतो. तसेंच वाक्यांतील दोनचार शब्द बदलून मूळची बांधणी तशीच ठेवणें, हेंही आपल्या शब्दांत सांगणें नव्हे.

आधार सांगतांना कर्त्याचें नांव, ग्रंथाचें नांव, आवृत्तीचें साल व पृष्ठ इतकें तरी असावें. परीक्षेच्या दालनांत पृष्ठ आठवणार नाहीं. तेथें कर्ता व ग्रंथ सांगितला तरी पुरे. जें वचन आपण मूळ ग्रंथांत न पाहतां दुसऱ्याच्या पुस्तकांत पाहिलें, तें 'अमक्यांनीं आपल्या ग्रंथांत उद्धृत केलेलें' असें स्पष्ट लिहावें. हल्लीं मोबाईलवर सकाळ-संध्याकाळ थोर पुरुषांच्या चित्रांसह वचनें येत असतात. त्यांत ग्रंथाचें नांव नसतें, सालही नसतें. विवेकानंदांचीं समग्र लिखाणें छापलेलीं आहेत. तुकोबांच्या गाथेच्या कितीतरी आवृत्त्या आहेत. तींत सांपडलें तर घ्यावें, न सांपडलें तर सोडून द्यावें. अभंगाच्या शेवटीं 'तुका म्हणे' अशी मुद्रा आली, एवढ्यानेंच तो तुकोबांचा ठरत नाहीं. आतां तर कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रेंही निबंधास वचनें पुरवूं लागलीं आहेत. त्यांचा उपयोग पुष्कळ आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जें वाक्य कोणींही कधीं लिहिलें नाहीं, तें एखाद्या खऱ्या ग्रंथकाराच्या नांवावर, पृष्ठांकासकट, हीं यंत्रें सफाईनें सांगूं शकतात. म्हणून मूळ ग्रंथ उघडून पाहिल्यावांचून त्यांनीं दिलेलें एकही वचन उतरूं नये.

ही केवळ गुणांची बाब राहिलेली नाहीं. घरांतील जीं मुलें पुढें पदव्युत्तर अभ्यासास जाणार आहेत, त्यांच्या पालकांनीं विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ सालचे वाङ्मयचौर्यविषयक नियम माहीत करून घ्यावेत. त्यांप्रमाणें प्रबंधांतील मजकुराचें इतर लेखनाशीं साम्य शेंकडा १० पर्यंत असेल तर दंड नाहीं. १० हून अधिक व ४० पर्यंत असेल, तर सहा महिन्यांच्या आंत दुरुस्त करून प्रबंध पुन्हां द्यावा लागतो. ४० हून अधिक व ६० पर्यंत असेल, तर एक वर्षपर्यंत दुरुस्त प्रबंध देण्यास मनाई होते. त्याहूनही अधिक असल्यास त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होते. परंतु त्याच नियमांत असेंही सांगितलें आहे, कीं योग्य तो आधार दाखवून दिलेलीं अवतरणें या साम्याच्या मोजणींत धरावयाचीं नाहींत. म्हणजे तेंच वाक्य नांव सांगून घेतलें तर पुरावा, आणि न सांगतां घेतलें तर अपराध. दहावीच्या वहींत ज्या संवयीकडे आपण कौतुकानें पाहतों, तीच दहा वर्षांनीं मुलाच्या पदवीवर येऊं शकते.

या बाबतींत घरांतील वडील माणसांवरही कांहीं भार आहे. मुलास निबंध सांगितला, कीं काका एक सुभाषित सांगतात, आत्या एक कविता काढून देतात, आणि आजोबा आपल्या वेळचा एक परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवितात. हें सारें प्रेमानें होतें. पण मुलगा लिहितो तो निबंध त्याचा राहत नाहीं, आणि सांगणाऱ्यांपैकीं कोणाचेंही नांव त्यांत येत नाहीं. त्यापेक्षां मुलानें घरच्यांस प्रश्न विचारावेत, त्यांचीं उत्तरें त्यांच्या नांवानें लिहावींत, आणि त्यांवर आपलें मत द्यावें. 'आमच्या आजी सांगतात' असा आरंभ असलेलें एक खरें वाक्य, कोठल्याही उसन्या सुभाषिताहून निबंधास अधिक बळ देतें.

एकत्र कुटुंबांत या शिक्षणाची सोय सहज होते. रात्रीं जेवणें झालीं म्हणजे मुलांस एकत्र बसवावें. दुपारीं आजी काय म्हणाल्या, तें एकानें त्यांच्याच शब्दांत सांगावें. दुसऱ्यानें तेंच आपल्या शब्दांत सांगावें. तिसऱ्यानें त्यावरून काय समजावयाचें तें सांगावें. आणि आजींनीं स्वतः निवाडा द्यावा. पहिल्याच दिवशीं मुलांस कळून येईल, कीं दहा तासांपूर्वीं ऐकलेले शब्दही आपण नकळत बदलतों, आणि म्हाइंभटांस माणसामाणसांस गांठून विचारावें कां लागलें. पंधरा दिवस हा खेळ चालला, तर अवतरणचिन्ह कोठें द्यावें हें त्यांस व्याकरणाच्या पुस्तकावांचून समजूं लागेल.

असो. दुसऱ्याचें वचन घेण्यांत कमीपणा नाहीं; आजवरची सारी विद्या अशीच एकाकडून दुसऱ्याकडे आली आहे. ज्याचें घेतलें त्याचें नांव सांगावें, जसें होतें तसें द्यावें, आणि त्यापुढें आपलें म्हणून एक तरी वाक्य लिहावें. पुढील महिन्यांत परिच्छेद कोठें सुरू करावा व कोठें संपवावा, याविषयीं लिहूं. वाचकांनीं आपल्या मुलांच्या वह्यांतील अडचणी आम्हांस अवश्य कळवाव्यात.